आत्याचा गुडघा आणि फोर बाय फोर

आमच्या घरात गाडीची चर्चा सुरू झाली ती वेळामावस्येला. ३० डिसेंबर २०२४, सोमवार, म्हणजे सोमवती अमावस्याही. कलबुर्गीहून पहाटे निघालो, करजगीत आत्याला घेतलं, मागे भज्जीचं पातेलं, आंबिलीचं मडकं, उंड्यांचा डबा, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर असा सगळा संसार भरला आणि शेताच्या पाणंदीला लागलो. आत्या चार वर्षांनी वेळामावस्येला शेतात निघाली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जरा जास्तच. शेत गावापासून अडीच-तीन किलोमीटर, चालत जाणं आता होत नाही, बैलगाडी घरात राहिली नाही आणि मोटरसायकलवर बसायला ती तयार नाही. म्हणून त्या वर्षी मी शब्द दिला होता, "आत्या, गाडी थेट बांधाला लावतो."

बांध दिसत होता तिथून. अगदी कडब्याची कोपसुद्धा दिसत होती.

ज्यांनी आपल्याकडची पाणंद डिसेंबरात पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढून आठवडाभर त्याच वाटेने गेलेले. दोन्ही बाजूला हातभर खोल चाकोऱ्या, मध्ये उंच वरंबा. त्यात शेजारच्या उसाला दिलेलं पाणी बांध फोडून वाटेवर आलेलं. आमची छोटी हॅचबॅक त्या चाकोरीत उतरली, वीस पावलं गेली आणि पोटावर बसली. चारही चाकं जागेवर, पण त्यांच्यावर गाडीचं वजनच नाही, वजन सगळं मधल्या वरंब्यावर. ॲक्सिलरेटर दाबला तशी पुढची चाकं नुसती फिरली आणि मागे बसलेल्या लेकीच्या खिडकीवर काळ्या चिखलाचा फवारा बसला.

शेजारच्या रानातले अण्णा ट्रॅक्टर घेऊन आले. चाकाखाली वाकून बघत "केसरु, केसरु" म्हणाले, साखळी लावली आणि आम्हाला आल्या वाटेने मागे ओढून काढलं. पुढे न्यायला तेही धजावले नाहीत. जेवण चुलतभावाच्या मोटरसायकलवरून दोन खेपांत शेतात गेलं, पोरं चालत गेली, बायको साडी खोचून गेली. आत्या म्हणाली, "पोरा, मला घरी सोड. मी लक्ष्मीला हितनंच हात जोडते." तिने गाडीतूनच हात जोडले. वाटेत कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी मी गाडी धुतली तेव्हा तळाच्या पत्र्याला पडलेला पोचा दिसला, पण खरं सांगायचं तर मला पोच्याचं काही वाटलं नव्हतं.

तेव्हा हा लेख गाड्यांच्या शौकिनाचा नाही हे आधीच सांगून टाकतो. बँकेचा हप्ता, लेकीची शाळा आणि शहरातलं पार्किंग सांभाळून, रविवारी कुठेतरी उघड्यावर जावं असं वाटणाऱ्या एका माणसाने वर्षभर जी डोकेफोड केली, ती तुमच्यापैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे. आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींकडून मला सध्या हाच प्रश्न सारखा येतो : थार घेऊ की जिम्नी?

सुरुवात मातीपासून करायला हवी, कारण आपला प्रश्न सह्याद्रीतल्या माणसापेक्षा वेगळा आहे. तिकडे दगड, चढ, ओढे. आपल्याकडे बिदरचं पठार सोडलं, तिथे तांबडी जांभ्याची जमीन आहे, तर भीमेच्या दोन्ही काठांना पसरलेली काळी रेगडी. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झालेली ही माती. हिच्यात जी चिकणमाती असते, मॉन्टमोरिलोनाइट तिचं नाव, ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात ज्या भेगेत हात जातो, तीच जमीन पावसाळ्यात साबणासारखी होते. वाळूत चाक रुतलं तर निदान वाळू झटकली जाते. रेगडी टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग टायर म्हणजे नुसता गुळगुळीत लाडू. तुरीला, ज्वारीला, हरभऱ्याला हीच माती पोसते. 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीच्याच जिवावर. पण गाडीला ती आवडत नाही.

आता फोर बाय फोर म्हणजे काय, हे थोडक्यात. साध्या छोट्या मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्या दोन चाकांना जातो. काही शहरी एसयूव्हींमध्ये 'ऑल व्हील ड्राइव्ह' असतं, म्हणजे पुढची चाकं घसरली की मागच्यांनाही जोर मिळतो. पावसातल्या घाटात ते उत्तम, पण अशा बहुतेक गाड्यांत लो रेंज नसते आणि बांधणी साध्या कारसारखी एकसंध पत्र्याची असते. खरी फोर बाय फोर म्हणजे शिडीसारखी पोलादी चौकट, तिच्यावर वेगळी ठेवलेली बॉडी, आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा. त्या दांड्यावर तीन खुणा असतात. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं, रोजच्या रस्त्यासाठी. फोर-एच म्हणजे चारही चाकं, ओल्या किंवा खडीच्या वाटेवर. फोर-एल म्हणजे चारही चाकं आणि त्यावर गिअर आणखी खाली आणलेला. वेग जवळजवळ निम्मा होतो आणि जोर तितकाच वाढतो. बैल चिखलात कसा सावकाश, पाय रोवत ओढतो, तसं. चिखलात वेगाने जाणारा माणूस रुततो, हे आपल्या आजोबांना बैलगाडीवरून माहीत होतं, मला चाळिशीत गाडीचं पुस्तक वाचून कळलं.

एक इशारा. फोर-एच कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून फिरू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या आसांना एकमेकांपासून सैल ठेवणारी सोय मध्ये नसते. सगळा ताण दांडे आणि गिअरांवर येतो. लग्नाच्या वरातीत मित्रांना दाखवायला म्हणून फोर बाय फोर लावून गोल-गोल फिरवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि दुसरा इशारा त्याहून महत्त्वाचा, कारण यात पैसे जातात. थार म्हटली की ती फोर बाय फोर असणारच असं नाही. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते. बाहेरून तीच ऐट, तेच नाक. किंमत कमी, म्हणून बरेच जण तीच घेतात. शहरात मिरवायला काही हरकत नाही, पण करजगीच्या पाणंदीत ती आणि माझी जुनी हॅचबॅक यांत उंचीचाच काय तो फरक. माझ्या ऑफिसातल्या एकाने जुनी थार घेतली आणि दोन महिन्यांनी मला विचारलं, "तो छोटा दांडा कुठे असतो रे?" मी काय सांगणार?

आमच्यापुढे चार पर्याय होते. चारांपैकी एक मनाचा, तीन व्यवहाराचे.

मनाचा पर्याय म्हणजे जिप्सी. माझ्या पिढीने जिप्सी पाहिली ती पोलिसांची, वनखात्याची आणि लष्कराची. मारुतीने ती १९८५ च्या डिसेंबरात आणली आणि २०१९ च्या सुमारास बंद केली. इतकी वर्षं एकच चेहरा टिकवलेली दुसरी गाडी पटकन आठवत नाही. तिची वंशावळही मजेशीर आहे. जपानमध्ये होप नावाची एक छोटी कंपनी होती, तिने चारचाकी जोराची एक चिमुकली गाडी बनवली, ती फारशी खपली नाही. सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले, त्यात ओसामु सुझुकींचा आग्रह मोठा होता. १९७० मध्ये त्यातून पहिली जिम्नी आली, इंजिन फक्त ३५९ सीसी. म्हणजे आपल्या एका बुलेटएवढं! तिच्याच पुढच्या पिढीची लांब आवृत्ती म्हणजे आपली जिप्सी.

सोलापुरात एक जुनी जिप्सी बघायला गेलो. बसल्याबरोबर मन गेलं. चालवल्याबरोबर परत आलं. मागे समोरासमोरची बाकं, धड पट्टे नाहीत, एअरबॅगचा प्रश्नच नाही, पेट्रोल पिणं दांडगं. शिवाय खासगी गाडीला १५ वर्षं झाली की तपासणी, पुनर्नोंदणी, हरित कर आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. बायकोने एकच प्रश्न विचारला, "लेक कुठे बसणार?" तिथे जिप्सी संपली. एकट्या माणसाला, हाताने नटबोल्ट पिळायची आवड असेल तर, आजही मी जिप्सीच घे म्हणेन.

दुसरी गुरखा. फोर्स ही पुण्याची कंपनी. चिखलासाठी कागदावर ही सगळ्यात तयारीची : २३३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, हवा घेणारी नळी थेट टपाशी नेलेली आणि पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना डिफरन्शियल लॉक. हे लॉक काय करतं? एरवी एक चाक हवेत लोंबकळलं की सगळा जोर त्याच चाकाकडे जातो आणि जमिनीवरचं चाक थंड बसतं. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. रेगडीत ही फार मोलाची गोष्ट. २०२४ मध्ये तिची पाच दारांची आवृत्तीही आली. पण ती जवळजवळ ४.४ मीटर लांब, आमच्या गल्लीत वळवताना शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन धोक्यात, आणि किंमत तेव्हा १८ लाखांच्या घरात. शिवाय पायरी इतकी उंच की मलाच हात धरून चढावं लागलं. आत्याला दाखवलीच नाही.

तिसरी थार, नाशिकला बनते. गांधी जयंतीला, २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली आणि तिने तरुणांना वेडं केलं. यात तक्रारीला जागा फार कमी. २२६ मिलिमीटर क्लिअरन्स, ६५० मिलिमीटर पाणी, दोन लिटरचं दमदार पेट्रोल इंजिन किंवा २.२ लिटरचं डिझेल, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२० मध्ये चार तारे. हायवेवर तर ती जिम्नीला कुठल्या कुठे सोडते. ताकदीचाच प्रश्न असता तर लेख इथेच संपला असता.

पण तिला दारं दोन. आत्याला मी शोरूममध्ये नेलं तो प्रसंग सांगतो. विक्रेता मुलगा फार सभ्य होता. आत्याने पदर खोचला, दांडा धरला आणि पुढच्या सीटवर चढली, थोडी कण्हत, पण चढली. चेहरा फुलला. "उंच हाय की रे! पार दिसतंय." मग बायको आणि लेकीला मागे बसायचं होतं. त्यासाठी पुढची सीट वाकवावी लागते. म्हणजे आत्याने पुन्हा उतरायचं. ती उतरली. त्या दोघी आत गेल्या. आत्या पुन्हा चढली. मग लेकीला तहान लागली.

तिसऱ्यांदा उतरल्यावर आत्या शोरूमच्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "गाडी झ्याक हाय. तुमी घ्या. मला येशटीनं येता येतंय."

पाच दारांची थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, तिचाही विचार केला. गाडी उत्तम, भारत एनकॅपचे पाच तारे. पण तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये, किंमत तेव्हा अठरा-एकोणीस लाखांपासून पुढे, लांबी ४.४ मीटरच्या वर. आणि डिझेलबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, मेकॅनिक सांगतात. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडकवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून अर्धा तास तरी सलग, चांगल्या वेगाने पळावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर करणाऱ्या माणसाची जाळी तुंबते. ज्याचं फिरणं मोठं त्याने खुशाल डिझेल घ्यावी. माझं तसं नव्हतं.

राहिली जिम्नी. भारतात पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये आली, १२ लाख ७४ हजारांपासून. लोकांनी तोंड वेंगाडलं : एवढ्या पैशात एवढीशी गाडी? खप फार झाला नाही. गंमत म्हणजे गुरुग्रामला बनणारी हीच गाडी २०२५ च्या सुरुवातीला जपानमध्ये 'नोमेड' नावाने गेली, तर चार दिवसांत सुमारे पन्नास हजार जणांनी नोंदणी केली आणि कंपनीला नोंदणी बंद करावी लागली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

तिचे उणे आधी सांगतो. १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन, १०५ पीएस. सोलापूर रस्त्यावर ट्रकला ओलांडताना गिअर खाली आणावाच लागतो. मागच्या सीटवर दोघंच, म्हणजे गाडी चारच माणसांची. चुलतभाऊ अजून रुसून आहे. मागे सामानाला २०८ लिटर जागा, आंबिलीचं मडकं ठेवलं की संपली. पाण्याने भरलेल्या ओढ्यात ती गुरखाच्या बरोबरीला येणार नाही. सुरक्षेत सहा एअरबॅग आहेत, पण तीन दारांच्या परदेशी जिम्नीला युरो एनकॅपने २०१८ मध्ये तीनच तारे दिले होते. बायकोने हा मुद्दा दोन आठवडे लावून धरला आणि तिचं बरोबर होतं. शेवटी आम्ही तडजोड अशी केली की हायवेवर ऐंशीच्या वर जायचं नाही. मी ती पाळतो. बहुतेक वेळा.

जमेची बाजू अशी. वजन सुमारे बाराशे किलो, थार दीड टनाच्या वर. चिखलात हे वजन बोलतं, हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तर चार माणसं तिला हलवू शकतात. रुंदी १६४५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी बाभळी वाकलेल्या पाणंदीत ही अरुंद गाडी रंग न खरवडता निघते, किंवा निदान एकाच बाजूने खरवडते. क्लिअरन्स २१० मिलिमीटर. थारपेक्षा कमी, पण त्या वरंब्याची उंची मी जाऊन टेपने मोजली होती, तेवढं पुरत होतं. (हो, मी टेप घेऊन पाणंदीत गेलो. अण्णांनी विचारलं, "एनप्पा, रस्ता मंजूर झाला का?") पेट्रोल. लो रेंज. पुढे-मागे भक्कम अखंड आस. लॉक नाही, पण एक चाक सुटं फिरू लागलं की गाडी त्याला आपणच ब्रेक लावते, जोर दुसऱ्याकडे जातो. लॉकइतकं खात्रीचं नाही, कामचलाऊपेक्षा बरंच बरं.

आणि चार बाजूंना चार माणसांची चार दारं.

आत्या पुढे चढली, बायको-लेक मागे बसल्या, कुणालाच उतरावं लागलं नाही. आत्याचा गुडघा मात्र पायरीला किंचित कमी पडत होता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि त्या विक्रेत्याला सांगितलं, "बाळा, एक पाट असंल तर दे." शोरूममध्ये पाट कुठला? पण प्रश्न सुटला होता.

किमतीबद्दल दोन शब्द, कारण इथे आपल्या सीमाभागातले लोक हमखास चुकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत आली. जिम्नी चार मीटरच्या आत आहे, पण इंजिन मोठं, म्हणून ती ४० टक्क्यांतच. आधी उपकर धरून ४५ होत होते, तेव्हा थोडा फायदा झालाच. मग रस्ता कर. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि त्यावर उपकर. महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला १२. हा फरक बघून सोलापूरचा मेहुणा म्हणाला, "माझ्या पत्त्यावर घे, एमएच-१३ लाव, लाखभर तरी किंचित कमी वाचतील." ऐकायला गोड आहे. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातला नियम आहे. मग इथला कर भरा, तिथला परत मिळवायला हेलपाटे घाला. पाहुण्याचा पत्ता पाहुण्याकडे राहू द्यावा. आमची केए-३२ आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतर गाडी घरी आली. सप्टेंबरअखेर भीमेला पूर येऊन गेला होता, अफजलपूर तालुक्यात नदीकाठची रानं पाण्याखाली होती, २०२० च्या ऑक्टोबरातल्या पुराची आठवण सगळ्यांना झाली. आमचं शेत नदीपासून आत आहे म्हणून वाचलं. अशा वेळी नवी गाडी आणताना जरा लाजल्यासारखं होत होतं, पेढेसुद्धा घरातल्या घरातच वाटले.

नोव्हेंबरभर आम्ही हिंडलो. सन्नतीला गेलो, भीमेकाठचं चंद्रलांबा मंदिर आणि जवळच्या कनगनहळ्ळीचा बौद्ध स्तूप लेकीला दाखवला. दगडात कोरलेला अशोक आपल्या जिल्ह्यात आहे हे तिच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर बसून शिदोरी खाल्ली. चिंचोळीच्या अभयारण्यात चंद्रमपल्ली धरणाच्या बाजूला गेलो. इतक्या कोरड्या जिल्ह्यात तेवढं दाट रान बघून सासरे थक्क झाले. त्यांना न्यायचं म्हणून त्या दिवशी मेहुण्याची गाडी सोबत होती, चारच सीट, विसरू नका.

यातल्या नव्वद टक्के वाटांना फोर बाय फोर लागतच नाही. हे घेण्याआधी कुणी सांगत नाही. आणि जिथे लावावीशी वाटते तिथे बरेचदा लावायची नसते. अभयारण्यात ठरलेली वाट सोडणं हा गुन्हा आहे, परवानगी लागते, हे तर आहेच. पण मला जास्त खटकतं ते माळरान. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, तो पक्षी आता दिसणं महामुश्कील झालंय. आपल्याकडचे माळही त्याच जातीचे. रिकामे दिसतात, पण टिटवी, चंडोल, धाविक हे सगळे तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात, दगडासारखी ठिपक्यांची. चाक गेलं तर कळणारसुद्धा नाही. रिळांसाठी माळावर गाड्या गोल फिरवून धूळ उडवणारी पोरं आपल्याच घरातली आहेत, म्हणून इथे लिहितो. चाकोरी असेल तर चाकोरीतून जा, नसेल तर गाडी लावून चाला.

१९ डिसेंबर २०२५. वेळामावस्या.

या वेळी मी आदल्या संध्याकाळीच पाणंद चालून आलो होतो. उसाचं पाणी पुन्हा आलेलंच होतं, त्याच जागी. चाकोऱ्याही त्याच, थोड्या अधिक खोल. सकाळी आत्या पाटावर पाय ठेवून पुढे बसली, मांडीवर उंड्यांचा डबा. कच्च्या वाटेला लागल्यावर थांबलो, दांडा फोर-एलमध्ये टाकला. टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे चाक जमिनीवर जास्त पसरतं. मग चाकोरीत न उतरता एका बाजूची चाकं मधल्या वरंब्यावर आणि दुसरी कडेच्या बांधावर, असं दुसऱ्या गिअरमध्ये सोडलं. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटरवर नुसता अंगठा ठेवल्यासारखा पाय. गाडी एकदा मागून घसरली, ब्रेकचा कर्रकर्र आवाज आला, आत्याने "दत्ता, दत्ता" म्हटलं, आणि आम्ही पलीकडे होतो.

बांधाला गाडी लागली. आत्या उतरून कोपीपर्यंत स्वतःच्या पायाने गेली, काठी टेकत, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. पाच पांडवांचे दगड तिने आधी स्वतः पुसले, मग कुणाला तरी चुना लावू दिला. ज्वारी पोटऱ्यात आली होती, हरभऱ्याला घाटे धरत होते. चुलतभावाने आंबील शिंपडत रानाला फेरी घातली. आत्या शेवटच्या सरीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हितली बोर कुणी तोडली?" पाच वर्षांत तोडली गेली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग बराच वेळ त्या बोरीबद्दलच बोलणं चाललं.

परत येताना मी रुतलो. हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी जमलं म्हणून संध्याकाळी उतरून पाहिलं नाही, लो रेंज लावली नाही, गप्पा मारत फोर-एचवरच वेगात घातली. कंपनीने दिलेले टायर डांबरी रस्त्याचे असतात, त्यांच्या उथळ खाचा सकाळीच रेगडीने लिंपल्या होत्या. गाडी सावकाश सरकत चाकोरीत उतरली आणि तिरकी बसली. अण्णा आले. त्याच ट्रॅक्टरवर, तीच साखळी. खाली वाकून बघितलं, चिखलातच उकिडवे बसून हसले आणि म्हणाले, "गाडी बदलली, ड्रायव्हर तोच!"

पुढच्या हुकाला साखळी लावली, या वेळी मी लो रेंजमध्ये घातली, आणि दोन मिनिटांत बाहेर आलो. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, खिरीचा डबा घेतला. जानेवारीत मी खोल खाचांचे ऑल-टेरेन टायर बसवले, मागे एक चांगला पट्टा, फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप ठेवला. हे सगळं पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं, टायर तर नक्कीच. तुम्ही घेत असाल तर गाडीच्या कर्जातच या पैशांचा हिशेब धरा. शहरात मला लिटरला तेरा-चौदा किलोमीटर मिळत होते, नव्या टायरवर एखादा कमी झालाय.

गाडी चिखलात तिरकी बसली होती तेव्हा आत्या आतच होती. ट्रॅक्टर येईपर्यंत तिने डबा उघडून उरलेला उंडा लेकीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. घाबरलीस का विचारलं तर म्हणाली, घाबरायचं काय त्यात, शेतच आहे आपलं. गावात घरापाशी उतरताना तिने पाट उचलू दिला नाही.

"ऱ्हाऊ दे गाडीतच. हुरड्याला लागंल."